चौकट येते आहे, म्हणजे अडचण फायरवॉलची नसावी

एका विंडोज संगणकावरील शेअर केलेले फोल्डर दुसऱ्या संगणकावरून उघडत नाही, नाव-पासवर्ड टाकूनही प्रवेश मिळत नाही, अशी ही अडचण आहे. त्यावर फायरवॉल (नेटवर्कवरून येणारा नको असलेला संपर्क अडवणारी व्यवस्था) पूर्ण बंद करून पाहावी, हा या चर्चेत आधी दिलेला सल्ला मला पटत नाही. नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट दुसऱ्या संगणकावर येते आहे, याचाच अर्थ दोन्ही यंत्रांचा संपर्क होतो आहे. फायरवॉलने ४४५ क्रमांकाचे पोर्ट (फाइल शेअरिंगचा संपर्क ज्यातून होतो ते दार) अडवले असते, तर ही चौकट आलीच नसती. फोल्डरसाठी ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सर्व वापरकर्त्यांना, परवानगी देण्याची चर्चेतली दुसरी सूचना मात्र योग्य आहे, फक्त ती परवानगी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधील शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन्ही ठिकाणी द्यावी लागते, कारण नेटवर्कवरून येणाऱ्याला त्या दोहोंपैकी अधिक कडक असेल तीच लागू होते.

आतापर्यंत कोणी न मांडलेला मुद्दा पिनचा आहे. विंडोज सुरू करताना आपण जो पिन टाकतो तो त्या एका यंत्रापुरताच असतो, त्यामुळे या चौकटीत तो कितीही वेळा टाकला तरी नाकारलाच जातो. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खात्याला पासवर्डच नसेल, तर विंडोजच्या मूळ धोरणानुसार त्या खात्याने नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. माझ्या मते सर्वांत स्वच्छ उपाय असा, की फोल्डर ज्या संगणकावर आहे तिथे पासवर्डसह एक वेगळे स्थानिक खाते उघडावे आणि चौकटीत त्या संगणकाचे नाव, उलटी तिरपी रेघ व खात्याचे नाव या क्रमाने लिहावे. त्याआधी दुसऱ्या संगणकावरील क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज साठवलेले पासवर्ड जिथे ठेवते तिथली) जुनी नोंद अवश्य काढून टाकावी, अन्यथा विंडोज काही न विचारता जुनाच पासवर्ड पाठवत राहते.