बाबांचा 2016 चा लॅपटॉप: विंडोज 10 नंतर काय टाकावं? सल्ला हवा आहे

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूणला बाबांकडे 2016 चा लॅपटॉप आहे. सहाव्या पिढीचा आय5, 8 जीबी रॅम, 1 टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्यावर चढत नाही, प्रोसेसर जुना म्हणून.

बाबा बहात्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. पंचक्रोशीतल्या जुन्या शाळांची माहिती जमवून रोज दोन-तीन तास मराठीत टंकतात. त्यांना लागतं ते एवढंच: मराठी टायपिंग, प्रिंट, बँक, आणि नातवंडांचे फोटो बघायला व्हॉट्सॲप. सध्या बटण दाबलं की ते चहा टाकायला जातात, चहा पिऊन येईपर्यंत पडदा तयार होतो. बॅटरी संपली आहे, त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉप धाडकन बंद.

मी पुण्यात असते. काही अडलं तर फोनवरून सांगावं लागतं, म्हणून मला वेगापेक्षा न बिघडणारी सिस्टीम हवी आहे. 2021 च्या जुलैच्या पुरात आधीचा कॉम्प्युटर गेला. फायली वाचल्या, कारण महिनाभर आधी मी त्या पेनड्राइव्हवर आणल्या होत्या. आता एक पानही गेलेलं मला चालणार नाही. मिंट (लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम), गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स, ॲपलचा छोटा डेस्कटॉप मॅक मिनी की सरळ नवा विंडोज लॅपटॉप?

शाईपेन
ताई, ऑपरेटिंग सिस्टीमचं (ओएस) नंतर बघू, आधी एसएसडी टाका, म्हणजे न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क. अडीच इंची साटा एसएसडी, 256 जीबी पुरे. फिरत्या डिस्कवर विंडोज 10 काय आणि मिंट काय, दोन्ही रखडणार, आणि मग दोष ओएसला लागतो. 8 जीबी रॅम बाबांच्या कामाला भरपूर आहे.

डिस्क काढण्यापूर्वी तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच नोंदवते तो तब्येतीचा अहवाल, बघा. रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने बदललेल्या जागांचा) आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी फायली बाहेर काढा. नवी बॅटरीही घ्याच. लिहिता लिहिता वीज गेली तर विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी4 या दोन्ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायच्या पद्धती) सहसा स्वतःला सावरतात, पण सेव्ह न केलेला परिच्छेद कोणीच परत आणत नाही.

खडूफळा
मी डीटीपी करतो, म्हणून विचारतो. बाबांच्या जुन्या फायली कोणत्या फाँटात आहेत? श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या असतील तर सगळा निर्णय तिथेच फिरतो.

वाशिष्ठीकाठ
2014 पर्यंतचं श्रीलिपीत, साधारण 400 पानं. पुढचं सगळं युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी प्रमाण अक्षरं), इनस्क्रिप्ट कीबोर्डने. हे महत्त्वाचं असेल असं वाटलंच नव्हतं!

खडूफळा
फार महत्त्वाचं आहे. त्या जुन्या फायलींत 'क' हा खरा 'क' नसतोच, एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं. लिनक्सवर तोच फाँट टाकला तर मजकूर दिसेल, छापताही येईल. पण श्रीलिपीत नव्याने टंकायला विंडोजच लागतं. म्हणून विंडोज पुसण्याआधी सगळं युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि एकेक पान डोळ्यांखालून घाला. रफार आणि ऱ्ह, ऱ्य इथे रूपांतर हमखास चुकतं. मूळ फायली फाँटसकट जपून ठेवा, शिवाय प्रत्येकीची पीडीएफ काढा.

जांभा
माझं मत मिंट, सिनॅमन आवृत्ती. सहा वर्षं मी वापरतोय आणि माझ्या सासऱ्यांनाही तेच दिलंय. विंडोजवरून येणाऱ्याला मेन्यू जिथे हवा तिथेच सापडतो. मिंट 22 हे उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला 2029 पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवतो, रोजचा पडदा एका सकाळी वेगळा दिसत नाही. वयस्कर माणसासाठी मला हीच खरी स्थिरता वाटते. फेडोरा हे आणखी एक लिनक्स मला स्वतःला आवडतं, पण तिथे दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. फोनवरून सांभाळणाऱ्या मुलीला ते नको.

आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे न बसवताच, चालवून बघा, डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडदा मिटून उघडल्यावर जाग येते का, आणि प्रिंटर, हे सगळं तपासा. वाय-फाय दिसलं नाही तर घाबरू नका. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळेल, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. प्रिंटरच्या बाबतीत मात्र मी स्वतः दोन दिवस घालवलेत. एक जुना लेझर शेवटपर्यंत चालला नाही, तो देऊन टाकावा लागला. व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी वेगळं ॲप नाही, ब्राउझरमध्ये उघडायचं.

टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावा. अपडेटने काही मोडलं तर दहा मिनिटांत मागे जाता येतं. पण ते सिस्टीमची प्रत घेतं, बाबांच्या लेखांची नाही. लेखांची वेगळी प्रत हवीच, आणि तुमच्याकडचा पूर पाहता एक प्रत चिपळूणबाहेर.

लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा 'मराठी' निवडा. नोटो सान्स देवनागरी या फाँटात लगेच आपल्या वळणाचे ल आणि श दिसतात, हिंदी वळणाचे नाहीत. माझे सासरे हे बघून इतके खूश झाले की जुनं पत्र पुन्हा छापून घेतलं.

रानवाट
विंडोजची बाजू मांडतो. त्यात बाबांचा हात बसलाय, ही छोटी गोष्ट नाही. मायक्रोसॉफ्टच्या नोंदणीने 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तेवढ्या काळात श्रीलिपीचं काम निवांत उरकेल. 11 जबरदस्तीने चढवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

विंडोज सारखं कोसळतं म्हणतात, त्यात पुष्कळदा वरून भरलेल्या गोष्टींचा हात असतो. 19 जुलै 2024 ला जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. ते विंडोजच्या अपडेटने झालं नव्हतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल थेट कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचली होती. बाबांना विंडोजचाच डिफेंडर अँटिव्हायरस पुरे. दुकानदाराने घातलेले क्लीनर, दुसरे अँटिव्हायरस काढून टाका.

घरात कोणाला डिजिटल सहीचा डोंगल किंवा टॅली लागत असेल तर मात्र विंडोज सोडू नका.

निवांतवेळ
क्रोमओएस फ्लेक्स आईला दिलं होतं. ब्राउझरपुरतं उत्तम, न बिघडणारं. पण त्यात अँड्रॉइड ॲप चालत नाहीत आणि रोज दोन-तीन तास लिहिणाऱ्याला ते अपुरं पडेल. मॅक मिनी देखणं आणि भक्कम आहे, पण पडदा आणि यूपीएस धरून तुमचा खर्च कुठच्या कुठे जाईल, आणि त्यात बॅटरीच नसते.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी चिपळूणला जाऊन आले. एसएसडी आणि बॅटरी बसवली. चहा टाकायच्या आत लॅपटॉप सुरू होतो, बाबांना आधी खरंच वाटेना. जुन्या डिस्कवर रीअलोकेटेड सेक्टर दिसले, म्हणून सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढल्या आणि एक पुण्याला आणली.

ठरलं असं: अपडेटची नोंदणी केली, श्रीलिपीतलं होईपर्यंत विंडोज 10 राहील. मिंट लाइव्ह चालवलं, वाय-फाय आणि प्रिंटर दोन्ही चालले. पुढच्या दिवाळीआधी ते बसवेन. तोवर बाबा मधूनमधून पेनड्राइव्हवरूनच सराव करतील. त्यांचा एकच प्रश्न आहे: 'किनाऱ्यावर' मधला ऱ्य मिंटमध्ये तसाच निघेल ना?

जांभा
तसाच निघेल. इनस्क्रिप्टची मांडणी दोन्हीकडे एकच आहे. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. बाबांना माझा नमस्कार सांगा.