गोवर पुन्हा होत नाही, मग फ्लू वारंवार का होतो?

प्रश्न – जिज्ञासू

ज्यांना लहानपणी गोवर होऊन गेला आहे, ते गोवराच्या रुग्णाची शुश्रूषा निर्धास्तपणे करतात आणि त्यांना काही होत नाही. सर्दी आणि फ्लू मात्र त्याच माणसांना पुन:पुन्हा गाठतात. शरीर एका रोगजंतूला जन्मभर ओळखते आणि दुसऱ्याच्या बाबतीत तोकडे पडते, असे का व्हावे? दुसरी शंका अशी, की अंगावर पुरळ दिसताच रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवले, तरी घरातल्या इतर मुलांना गोवर होतोच. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याने यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उत्तर – सूक्ष्मदर्शी

प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त करता येणारी एकच एक शक्ती नसते, त्यामुळे त्या सल्ल्यातून उलगडा होणे शक्यच नाही. कुपोषणाने ती खालावते हे खरे. परंतु ती भलत्याच गोष्टीवर उसळली तर दमा किंवा संधिवातासारखे आजारही होतात.

त्वचा, श्वासनलिकेतला चिकट स्राव, जठरातले आम्ल आणि जंतूंना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी हा जन्मजात बंदोबस्त, आलेला जंतू नेमका कोणता याची फारशी चौकशी न करता काही तासांतच कामाला लागतो. तापही बहुतांशी याच पेशींनी सोडलेल्या रसायनांमुळे येतो. त्यामागून येणारी व्यवस्था मात्र अतिशय चोखंदळ असते. लसिका ग्रंथींमधल्या ‘बी’ आणि ‘टी’ पेशींपैकी प्रत्येक पेशी जंतूच्या एखाद्याच विशिष्ट भागाला चिकटू शकते. म्हणून नव्या जंतूशी जुळणाऱ्या पेशी सुरुवातीला मोजक्याच असतात, आणि त्यांचे विभाजन होऊन पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने, तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घसा दुखत असताना जबड्याखाली जी हुळहुळी गाठ हाताला लागते, तिच्यात हीच धामधूम चाललेली असते. आजार ओसरला की यांतल्या बहुतेक पेशी मरतात, पण काही त्या जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून मागे उरतात.

ही स्मृती किती टिकते, याचा उत्तम दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मिळाला. तिथे १७८१ नंतर थेट १८४६ साली गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने चौकशी केली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे त्याला आढळले नाही.

आता फ्लूकडे वळू. गोवराच्या विषाणूच्या ज्या भागांवर प्रतिपिंडे बसतात, ते फारसे बदलत नाहीत. फ्लूचा विषाणू आपली बाह्य प्रथिने सतत बदलत राहतो, म्हणून त्याची लसही वेळोवेळी बदलावी लागते. सर्दीच्या बाबतीत तर एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. दुसरे कारण वेळेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्मृतिपेशींनाही पुरते सज्ज व्हायला काही दिवस लागतात. गोवराचे पुरळ संसर्गानंतर साधारण दोन आठवड्यांनी उमटते, त्यामुळे त्यांना तेवढी सवड मिळते; फ्लूची लक्षणे एक ते चार दिवसांतच दिसतात. तिथे स्मृती असूनही आजार होतो, फक्त तो बहुधा सौम्य असतो.

उत्तर – साथमागोवा

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवत असतो. त्या दिवसांत ताप, खोकला, नाक गळणे आणि लाल झालेले डोळे एवढेच दिसते, म्हणून सर्वजण ती सर्दीच समजतात. शिवाय रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. पुरळ पाहून वेगळे ठेवणे घरापुरते उशिराचे ठरते. तरीही ते करावेच, कारण पुरळ आल्यानंतरही चार दिवस संसर्ग चालू राहतो.

कुणालाच प्रतिकारक्षमता नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना तो देतो. साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात, ते यामुळेच. लस घेण्याइतके वय न झालेल्या बाळांना, आईकडून मिळालेली प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरल्यावर, भोवतालच्या लोकांच्या या सुरक्षिततेचाच आधार असतो.

जिज्ञासू

दोघांचेही आभार. गोवराची स्मृती इतकी पक्की असेल, तर लसीऐवजी तो नैसर्गिकरीत्या होऊन गेलेला बरा, असे कुणी म्हटले तर काय सांगावे?

उत्तर – सूक्ष्मदर्शी

ठामपणे ‘नाही’ म्हणून सांगावे. गोवरामुळे न्यूमोनिया होतो, आणि साधारण हजारात एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे हा विषाणू स्मृतिपेशींनाच लागण करून मारतो. लस न घेतलेल्या ज्या मुलांना गोवर झाला, त्यांच्या रक्तातली इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांनी घटली होती, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे गोवराची स्मृती मिळते, ती आधी कमावलेल्या कित्येक स्मृती गमावून. लसीतला विषाणू दुर्बल केलेला असल्यामुळे असे नुकसान होत नाही.

शिवाय प्रत्येक आजार स्मृती मागे ठेवतोच असेही नाही. धनुर्वाताचे विष इतक्या अल्प मात्रेत घातक ठरते, की तेवढ्याने स्मृती तयारच होत नाही. धनुर्वातातून बरे झालेल्या माणसालाही म्हणूनच त्याची लस द्यावी लागते.