कागदी कपांसाठी साधा कॅरिअर बनवायचाय, सल्ला हवा

पायरीवरचा
तालमीच्या मध्यंतरात चौघांची कॉफी एकट्याने दोन जिने चढून आणायचं काम माझ्याकडे आलंय. परवा ट्रेमधला एक कप घरंगळला आणि अख्खी कॉफी शर्टावर. म्हणून खोक्याचा पुठ्ठा कापून कॅरिअर करायचा म्हणतोय. सामान म्हणजे कटर, स्टीलची पट्टी, पेन्सिल. डिंकाशिवाय जमलं तर फारच छान.
पहिला नमुना फसला. चपट्या खोक्याला वरून चार भोकं पाडली, कप खाली तळाला टेकवले. भोक मोठं झालं की कप डुगडुगतो, लहान झालं की वरच अडकतो आणि बूड टेकत नाही. भोक नेमकं केवढं ठेवायचं?

उगाचच
थर्मास न्या. सुटलात.

पुठ्ठेबाज
बूड टेकायलाच हवं असं कोणी सांगितलं? कप निमुळता आहे, त्याला पाचरीसारखा भोकात बसू द्या. तळ काढूनच टाका.
माझ्यासमोरचा कप मोजला: तोंडाशी ८० मिमी, बुडाशी ५६, उंची ९२. म्हणजे ९२ मिमीत व्यास २४ ने वाढतो. भोक १ मिमीने मोठं झालं की कप जवळजवळ ४ मिमी खाली उतरतो. कटर जरासा हलला तरी तुमचा तळाचा हिशेब चुकणारच. कप लटकता ठेवलात तर तोच फरक बिनमहत्त्वाचा.
मी ७२ मिमीचं भोक ठेवेन. कप बुडापासून साधारण ६० मिमीवर, म्हणजे दोन तृतीयांश उंचीवर धरला जातो. भरलेल्या कपाचा गुरुत्वमध्य निम्म्या उंचीच्या आसपास असतो, म्हणजे पकड त्याच्या वर आली. धक्का बसला तर कप झोका घेईल, कलंडणार नाही. तुमचा कप वेगळा असेल तर आधी मोजा, माझे आकडे उचलू नका.
रचना अशी: एक लांब पट्टी, इंग्रजी यू अक्षरासारखी दुमडलेली. मधल्या भागात शेजारी-शेजारी दोन भोकं, केंद्रांत ९० मिमी अंतर, नाहीतर झाकणं एकमेकांना घासतात. दोन्ही बाजू झाकणांच्या वर जाऊन एकत्र येतात, तीच मूठ. एका कॅरिअरला दोनच कप.

तिरपी_रेघ
पुठ्ठेबाजांना अनुमोदन, पण पन्हळींची, म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधल्या नागमोडी थराच्या रेघांची, दिशा राहिली. खोक्याच्या पुठ्ठ्यातल्या पन्हळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायला हव्यात. उलट्या ठेवल्या तर मधला भाग भोकांच्या ओळीतच वाकतो.
मग घड्या मात्र पन्हळींना आडव्या येतात आणि पुठ्ठा हवा तिथे न दुमडता भलतीकडेच मोडतो. त्यावर उपाय: शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून दोनदा दाबून ओढा. पुठ्ठा फाटत नाही, रेघ बसते, घडी तिथेच पडते.
मुठीची खाच चौकोनी कापू नका. चीर कोपऱ्यातूनच पळते. टोकं गोल ठेवा, आणि खाचेचा तुकडा पूर्ण न कापता वरच्या कडेला जोडलेला राहू द्या. तो आत दुमडला की बोटांना पुठ्ठ्याची धार लागत नाही.

कडेकडेने
कप दर वेळी एकाच मापाचे मिळतात का? नसतील तर भोक ६४ मिमीचंच पाडा आणि त्याभोवती बाहेरच्या बाजूला ५-६ मिमीच्या आठ चिरा द्या. पाकळ्या खाली वाकतात आणि लहान-मोठा कप धरून ठेवतात. अंड्यांच्या ट्रेसारख्या लगद्याचे तयार ट्रे असतात, त्यांच्या जिभा हेच काम करतात. पाकळ्या भिजल्या की मात्र मऊ पडतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर नवीन करा.

पायरीवरचा
आमचे कप एकाच मापाचे असतात, त्यामुळे पाकळ्या नाही केल्या. पण दोन कॅरिअर म्हणजे दोन्ही हात अडकले. जिन्याचा कठडा कशाने धरू?

पुठ्ठेबाज
दोन्ही मुठी एकाच हातात. २४० मिलीचे चार कप म्हणजे जेमतेम किलोभर.

पायरीवरचा
आज करून पाहिलं. दोन्ही मुठी चार बोटांत मावल्या, कठडा धरता आला, एक थेंब सांडला नाही. पहिल्या मजल्यावर दोन्ही कॅरिअर एकमेकांवर आपटत होते, मग मधे घडी केलेला रुमाल कोंबला.
वर पोचल्यावर वेगळीच गंमत. कप भोकात इतका घट्ट बसलेला की ओढताना झाकणच हातात आलं. कॉफी वाचली, बोट भाजलं.

तिरपी_रेघ
ओढायचा नाहीच. कॅरिअर टेबलावर ठेवा, कप बुडावर उभे राहतील. आता मूठ सोडवून पुठ्ठाच खाली दाबा. खाली कप अरुंद आहे, पकड आपोआप सुटते.

पायरीवरचा
आत्ता रिकाम्या कपांवर करून बघितलं. टक् करून सुटले चारही. उद्या भरलेल्यांवर.

उगाचच
शर्ट जुना घाला.