उन्हाळ्यात इंजिनला गार हवा मिळावी म्हणून घरगुती जुगाड कुणी केलाय का?

सांगलीकर_पेट्रोल
नमस्कार मंडळी. गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची, टर्बो वगैरे काही नाही. पावसाळ्यात आणि थंडीत झकास पळते पण एप्रिल-मे आला की दुपारच्या उन्हात अगदीच मरगळते. परवा पुण्याहून येताना खंबाटकी चढत होतो, चौघंजण, डिकी भरलेली, एसी चालू, पुढं ट्रकांची रांग, ओव्हरटेकला पाय दाबला तर नुसता आवाज वाढतोय गाडी काही पुढं सरकेना, शेवटी एसी बंद केला तेव्हा कुठं जरा दम आला. सर्व्हिसिंग वेळेवर आहे, एअर फिल्टर नवा, प्लग बदललेत, टायरची हवा चेक केलीय. एक ॲक्सेसरीजवाला म्हणतो फिल्टरचा काळा डबा काढून टाका आणि उघडा कोन फिल्टर बसवा, गार हवा मिळेल, पिकअप वाढेल आणि ॲव्हरेजपण. दुसरा म्हणतो इंजिनला हवा नेणाऱ्या पाइपला चंदेरी टेप गुंडाळा. पैसे घालवायच्या आधी म्हटलं इथं विचारावं. घरच्या घरी काय करता येण्यासारखं आहे?

जुगाडू_मिरज
भावा बिनधास्त कर. मी फिल्टरच्या डब्याला आणि पाइपला ॲल्युमिनियम टेप मारलीय, फरक पडतो म्हणजे पडतोच. आता फॉगलॅम्पच्या रिकाम्या जागेतून तीन इंची फ्लेक्सिबल पाइप थेट डब्यापर्यंत आणायचा विचार आहे, समोरची गार हवा फुल्ल प्रेशरनं आत. आमच्या तासगावच्या मित्रानं तर डब्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं 😂 पहिल्या चौकापर्यंत वाळलं आणि उरलेलं पाणी गळलं अल्टरनेटरवर. ते तेवढं करू नको.

घाटातला_गिअर
जुगाडूभाऊंचा उत्साह मान्य, पण आधी हवा किती गरम जातेय ते तरी बघा की राव. तुमच्या गाडीला ओबीडीचा पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायचं सॉकेट) असणार, स्टेअरिंगखाली. ब्लूटूथ डोंगल स्वस्तात मिळतं, मोबाइलवर ॲप टाका आणि त्यात इन्टेक एअर टेम्परेचर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान) हा आकडा लावून ठेवा. शेजारी कुणाला तरी बसवून त्याला बघायला सांगा, स्वतः चालवताना नको. एकदा सिग्नलला उभी असताना आणि एकदा हायवेला ऐंशीच्या स्पीडला पाच-दहा मिनिटं चालल्यावर. बाहेरच्या तापमानापेक्षा किती जास्त आहे तेवढंच महत्त्वाचं.

आता हिशोब. हवा तापली की पातळ होते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. ४० डिग्रीच्या ऐवजी ६० डिग्रीची हवा आत गेली तर साधारण ६ टक्के कमी हवा मिळते, म्हणजे ८० हॉर्सपॉवरच्या इंजिनातले पाचेक गेले. शिवाय हवा गरम दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) होऊ नये म्हणून ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, तो तोटा वेगळा. पण हे सगळं फुल्ल पाय दाबल्यावर जाणवणार. ॲव्हरेजचं म्हणाल तर ते विसरा, पेट्रोल गाडीत हळू चालवताना थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट बंदच असतो, हवा गार असली काय नि गरम असली काय, ईसीयू हवेच्या हिशोबानंच पेट्रोल टाकतो. जो माणूस कोन फिल्टरनं ॲव्हरेज वाढतं म्हणतो त्याच्याकडून वायपरसुद्धा घेऊ नका.

आणि उघडा कोन फिल्टर म्हणजे बोनेटखालची, रेडिएटरमधून तापून आलेली हवा ओढायची सोय. कंपनीनं जो डबा दिलाय तो बंद असतो आणि त्याचं तोंड पुढं ग्रिलजवळ असतं, म्हणजे तुमचं कोल्ड एअर इन्टेक गाडीबरोबर आलेलंच आहे. कोन फिल्टरनं आवाज मोठा होतो आणि माणसाला वाटतं गाडी पळायला लागली.

टेपबद्दल: १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमला फुल्ल थ्रॉटलवर सेकंदाला जवळजवळ २० लिटर हवा ओढतं. पाइपात मावते दोनेक लिटर. म्हणजे हवा पाइपात सेकंदाचा दहावा भाग थांबते, तेवढ्यात ती किती तापणार आणि टेप किती वाचवणार? उभ्या गाडीत, आयडलला, हवा हळू जाते तेव्हा थोडाफार उपयोग होईल. लावायचीच हौस असेल तर लावा, नुकसान काही नाही.

जुगाडू_मिरज
आवाज मोठा होतो हा फायदाच आहे की 😄

कऱ्हाड_गॅरेजवाला
त्या फॉगलॅम्पातनं पाइप काढायच्या नादाला लागू नगा. सांगली-मिरजेचं मानूस हे बोलतोय म्हंजे कमालच हाय. २०१९ चा पूर इसरला का? २०२१ ला परत आलंच की पानी. तोंड बंपरच्या खाली नेलं की गुडघाभर पान्यातनं गाडी घातली का संपलं, पानी सरळ सिलेंडरात, पानी काय दाबलं जात न्हाय, कनेक्टिंग रॉड वाकतो आनि इंजिन उघडावं लागतं. साध्या इन्शुरन्समदी हे बऱ्याचदा बसत बी न्हाय, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतंय. कंपनीनं तोंड वर ठिवलंय ते उगंच न्हाय. आनि सीझनला उसाच्या ट्रॉल्यांमागं जी धूळ उडती ती खालनं थेट फिल्टरात.

माझ्याकडं अशी गाडी आली की मी आदी हे बगतो. पुढच्या बंपरचं काम कदी झालंय का. काम झालेल्या लई गाड्यांत स्नॉर्कलचा (डब्याला बाहेरची हवा आननाऱ्या नळीचा) पुढचा तुकडा परत बसवलेलाच नसतोय, न्हायतर क्लिपा तुटून खाली लोंबतोय, मग डबा बोनेटखालचीच हवा खातोय. रेडिएटरच्या वर आनि कडंला फोम-रबराच्या पट्ट्या असत्यात, त्या उंदरं कुरतडत्यात न्हायतर धुताना निगत्यात. पट्टी नसली की उभ्या गाडीत फॅननं मागं टाकलेली गरम हवा फिरून परत पुढं येती. तिसरं म्हंजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा (इंजिनातला धूर बाहेर काडनाऱ्या तापलेल्या पाइपावरचा) पत्रा. वाजतोय म्हनून काडून फेकत्यात लोकं! आरं वाजतोय तर बोल्ट-वॉशर बदल की. त्यो पत्रा गेला की सगळी धग बोनेटखाली.

सांगलीकर_पेट्रोल
डोंगल मागवलं, भाच्याला शेजारी बसवून आकडे घेतले. बाहेर ३९ होतं. सांगली-मिरज रोडला सत्तरच्या आसपास चालवताना ५६-५७, आणि विश्रामबागला सिग्नलवर थांबलो तर चढत चढत ६८. बोनेट उघडलं तर गॅरेजवाले म्हणतात तेच निघालं, स्नॉर्कलचा पुढचा तुकडा गायब. आधीच्या मालकानं कधीतरी बंपरचं काम केलेलं दिसतंय. रेडिएटरच्या वरची पट्टी पण एका बाजूनं नाही. पत्रा मात्र आहे.

एक विचारायचं होतं, मागच्या बाजूला बिजागरीखाली वॉशर टाकून बोनेट जरा उचललं तर गरम हवा बाहेर जाईल ना? व्हिडिओत बघितलं.

घाटातला_गिअर
चालत्या गाडीला ५६ म्हणजे डबा आतलीच हवा ओढत होता, शंका नको. तोंड धड असेल तर हायवेला बाहेरच्यापेक्षा पाच-सात डिग्री जास्त, एवढंच दिसायला हवं. सिग्नलला चढतं ते सगळ्यांचंच चढतं, निघाल्यावर दोन मिनिटांत उतरलं पाहिजे.

बोनेट उचलायचं डोक्यातून काढा. उभ्या गाडीत थोडी हवा निघेल, पण वेगात काचेच्या बुडाशी दाब जास्त असतो, तिथून हवा उलट आत घुसते. त्यातून एसीची हवा तिथूनच घेतली जाते, म्हणजे इंजिनचा वास केबिनमध्ये. लॉकवर उगाच ताण.

आणि एक, घाटात सगळा दोष गरमीचा नसतो. उंचीनं हवा आधीच विरळ होते, हजार मीटरला साधारण दहा टक्के. वाईहून महाबळेश्वरला गेलात तर सहाशे-सातशे मीटर वर जाता, तिथं हवा गार असूनही टर्बो नसलेली गाडी थोडी मवाळ वाटणारच. खंबाटकीची उंची तेवढी नाही, तिथं तुम्हाला चार माणसं, एसी आणि ही गरम हवा असं तिन्ही मिळून नडलं. चढाला गिअर लवकर खाली घ्या, साडेतीन-चार हजार आरपीएमला ही इंजिनं मरत नाहीत, लोक उगाच घाबरतात.

वाईकर_डिझेल
टर्बोवाल्यांसाठी माझी भर. आमच्यात हवा दाबतानाच तापते, शंभरच्या पुढं सहज जाते, त्यामुळं सगळा खेळ इंटरकूलरचा, म्हणजे ती दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा. त्याच्या जाळीत पाचट, चिखल, किडे बसतात. गाडी गार असताना साध्या पाइपच्या पाण्यानं, जमलं तर मागून पुढं धुवायचं, प्रेशर वॉशर जवळ नेला की पात्या वाकतात. होजचे क्लॅम्प पण बघा, तिथं तेलकट डाग आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर दाबलेली हवा तिथूनच पळतेय. पसरणी घाटात माझ्या गाडीला एवढ्यानंच जीव आला, टेप-बिप काही लावली नाही.

सांगलीकर_पेट्रोल
धन्यवाद सगळ्यांना. स्नॉर्कलचा तुकडा पार्ट नंबर टाकून ऑर्डर केला, कोन फिल्टरच्या मानानं किरकोळ पैसे. रेडिएटरवरची पट्टी मात्र सुटी मिळत नाही म्हणतात. काय लावू?

कऱ्हाड_गॅरेजवाला
हार्डवेअरच्या दुकानात दाराला लावायची रबरी पट्टी मिळती, काळी, पोकळ. साधा स्पंज घिऊ नगा, पानी धरतोय आनि उन्हानं भुगा हुतोय. जागा पुसून कोरडी करा, चिकटवा, वरनं दोन-तीन झिप टाय मारा. फॅनच्या पात्याला लागत न्हाय ना तेवडं हातानं फॅन फिरवून बगा, इंजिन बंद आनि गार असताना.