नऊ वर्षांच्या मुलीसाठी टेनिसची रॅकेट

'पुढेही वापरता येईल, आत्ताच 300 ग्रॅमची मोठी रॅकेट घ्या' हा सल्ला कृपया मानू नका. रॅकेट म्हणजे वाढत्या मापाचा फ्रॉक नव्हे. जड रॅकेट वेळेत मागे जात नाही, चेंडू उशिरा लागतो, मग मूल मनगटाने ओढून मारू लागतं आणि सगळा ताण मनगट-कोपरावर येतो. नऊ वर्षांच्या मुलीला साधारण 25 इंची, 220-240 ग्रॅमची पुरे. चण लहान असेल तर 23 इंची. दुकानात हात सरळ पुढे करून थोडा वेळ धरायला सांगा. टोक झुकू लागलं तर जडच समजा. मूठ जाड नको.

आणि चेंडू! दहा वर्षांखालच्या स्पर्धांत 2012 पासून आंतरराष्ट्रीय नियमानेच संथ, कमी उसळणारे चेंडू वापरतात. सरावालाही त्यातले नारंगी ठिपक्याचेच घ्या.