मदत हवी आहे: सासू-सासरे आणि मुलांसोबत इटली (रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस), शाकाहार, पायऱ्या आणि कोल्हापूरच्या महाराजांची छत्री

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात इटलीला जायचं घाटतंय. आम्ही सहा जण, मी, नवरा, लेक (१४), चिरंजीव (६) आणि सासू-सासरे. दोन टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवून झाले, दोघांचंही तेच, फ्लॉरेन्स अर्धा दिवस, पिसाला फोटो स्टॉप आणि रात्री गावाबाहेर कुठेतरी हायवेला मुक्काम. आबांनी (सासरे) तो कागद वाचला आणि म्हणाले, बसच्या काचेतनंच बघायचं असलं तर मी घरात टीव्हीवर बघतो, फुकट. त्यामुळे आता सगळं आपलं आपणच करायचं ठरलंय आणि सगळं माझ्या गळ्यात पडलंय.

आता आबांचा मुद्दा, कारण अख्खी ट्रिप खरं तर त्याच्यावरच उभी आहे. आबा मूळचे कोल्हापूरचे. तिथले छत्रपती राजाराम महाराज (म्हणजे ताराराणींचे यजमान ते नव्हेत, हे नंतरचे, शाहू महाराजांच्या आधीचे) १८७० मध्ये इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटून परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले, वय जेमतेम वीस. त्या काळात तिथे उघड्यावर दहन वगैरे कुणी बघितलेलं नव्हतं, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार केले आणि १८७४ ला तिथे छत्री (स्मारक) उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा आहे. ही जागा कॅशिने नावाच्या मोठ्या पार्कच्या टोकाला आहे. शेजारच्या पुलाचं नावसुद्धा 'इंडियानो'च (म्हणजे भारतीय). आबांना बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल, डेव्हिडचा पुतळा नको, कोलोसियम नको, पण तिथे जाऊन हार घालायचाय. हार मिळणार कुठे हा वेगळाच प्रश्न आहे, तो सोडा.

तर पहिला प्रश्न: तिथवर कसं जायचं? फ्लॉरेन्स स्टेशनवरून टी१ ट्राम पार्कपाशी जाते हे कळलं, पण पार्क लांबीला तीन-साडेतीन किलोमीटर आहे आणि छत्री एकदम पश्चिमेच्या टोकाला. आबा चालतील हो, पण आईंच्या (सासूबाई) गुडघ्यांचं काय? आणि त्या मागे थांबणार नाहीत हे मी लिहून देते.

सध्याचा ढोबळ प्लॅन असा की रोममध्ये उतरायचं, तिथे तीन-चार दिवस, मग ट्रेनने फ्लॉरेन्स (फास्ट ट्रेनने दीड तास), तिथे चार दिवस आणि त्यातलाच एक दिवस पिसा, मग व्हेनिस दोन रात्री आणि तिथूनच परत. व्हेनिसबद्दल घरात दोन पक्ष आहेत. लेकीला आणि मला हवंच आहे, नवरा म्हणतो प्रत्येक पुलाला पायऱ्या, त्यात सहा जणांच्या बॅगा, त्यापेक्षा बोलोन्याला जाऊ, मधेच पडतं, सगळीकडे कमानींखालून सपाट रस्ते आणि खायला भारी. बरोबर आहे त्याचं, पण इटलीला जाऊन व्हेनिस नाही बघितलं असं बिल्डिंगमध्ये सांगायचं म्हणजे!

वाचून जे कळलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. फ्लॉरेन्सची म्युझियमं, उफ्फिझी आणि डेव्हिडवालं अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद, व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, त्या दिवशी फुकट, म्हणजे गर्दी विचारूच नका). कोलोसियमचं तिकीट वेळेचं आणि नावानिशी, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवायचे. सरकारी म्युझियममध्ये १८ च्या आतल्या मुलांना फुकट, हे एक बरंय. सेंट पीटर्स चर्चला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आमच्या दोन्ही ज्येष्ठांना त्याची अडचण नाही, लेकीला आधीच सांगून ठेवलंय. फ्लॉरेन्सच्या डुओमोच्या (मुख्य चर्चच्या) घुमटाला ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही, तिथे नवरा आणि लेक जातील, आम्ही बाकीचे खाली जेलाटो (आइसक्रीम) खाऊ. लेकीची एक फर्माईश म्हणजे गॅलिलिओच्या म्युझियममध्ये काचेच्या बरणीत ठेवलेलं त्याचं खरंखुरं बोट. ते ऐकल्यापासून धाकट्याला पण तेवढंच बघायचंय. पिसाच्या मनोऱ्यावर मात्र आठ वर्षांच्या आतल्या पोरांना सोडतच नाहीत, म्हणजे धाकट्याचं तिथे भोकाड ठरलेलं, मग जावं का नाही पिसाला?

आणि सगळ्यात अवघड, खाणं. आम्ही चौघं सगळं खातो. आबा चिकन-मटण खातात पण बीफ-पोर्क नाही. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सगळे म्हणतात इटलीत काय काळजी, पास्ता-पिझ्झा आहेच की. पण ताज्या पास्त्यात अंडं असतं, तिरामिसूत अंडं, पानाकोत्यात जिलेटिन. रोज बाराच्या उन्हात हिंडून आल्यावर त्यांना काय खायला घालायचं? ठेपले, मेतकूट, भडंग नेणार आहेच, पण दहा-अकरा दिवस ठेपल्यांवर नाही निघत. किचनवालं अपार्टमेंट घेतलं तर निदान रात्री वरण-भात होईल. कुणाचा अनुभव?

व्हिसाचं काम सुरू केलंय, त्याबद्दल विचारत नाही.

—

प्रतिसाद:

ताई, मी काही वर्षं फ्लॉरेन्सजवळ होतो म्हणून लिहितोय. छत्रीला ट्रामने जायचा नाद सोडा. ट्रामचा स्टॉप शहराकडच्या टोकाला आहे, तिथून पुढे अख्खा पार्क चालायला लागतो, झाडी मस्त आहे पण गुडघेवाल्यांचं काम नाही. सरळ टॅक्सी करा. रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबेल या भरवशावर राहू नका, स्टँडवरून घ्यायची नाहीतर फोन करून बोलवायची, आणि परतीची सोय आधीच सांगून ठेवा कारण त्या टोकाला वर्दळ कमी असते. सहा जण म्हणजे मोठी गाडी मागा. मंगळवारी सकाळी पार्कात मोठा बाजार भरतो, तेव्हा गाड्यांची गर्दी असते, तो दिवस टाळा किंवा उलट त्याच दिवशी जा, तिथेच फुलं मिळाली तर मिळाली. छत्री बघून आबांना बरं वाटेल, आपल्याकडच्यासारखीच रंगीत घडण आहे, त्या नदीकाठी अचानक समोर येते.

पिसाच्या ऐवजी लुक्काला जा की. गावाभोवतीच्या तटावर चार किलोमीटरचा रुंद सपाट रस्ता आहे, सायकली भाड्याने मिळतात, धाकटा खूश आणि आजी बाकावर सावलीत. मनोरा बघायचाच असेल तर तिथून पिसा ट्रेनने अर्धा तास. तेव्हा पिसाला चेचिना खा, बेसनाची भट्टीत भाजलेली, आजींना आपलं धिरडंच वाटेल, त्यात बेसन, पाणी, तेल, मीठ एवढंच.

—

प्रतिसाद:

खाण्याचं थोडं सांगते, माझी आई पण अशीच आहे. सुकलेला पास्ता (पेन्ने, स्पागेती) साधारण बिनअंड्याचा, ताल्यातेल्ले, लझान्या वगैरे अंड्याचे. आराब्याता किंवा आल्यो ए ओल्यो मागायचं, लसूण-मिरचीचं असतं, आपल्या जिभेला बरं लागतं. पिझ्झा मरिनारावर चीजच नसतं, टोमॅटो-लसूण-ओरेगानो. आता आईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण पार्मेजान चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला) घालूनच करतात, तसा नियमच आहे, पेकोरिनो रोमानो चीजमध्ये कोकराचं. त्यामुळे वरून भुरभुरायला आले की हात आडवा करा. सूपला ब्रोदो दि कार्ने म्हणजे मांसाचं पाणी आहे का विचारायचं, भाज्यांच्या सूपमध्ये पण असतं. फ्लॉरेन्सला रिबोलिता मिळते, घेवडा, पालेभाजी आणि शिळा पाव, अगदी घरगुती चव, पण तीही विचारूनच. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा' एवढं पाठ करा, मांस नको, मासे नको, अंडं नको. आणि हो, फ्लॉरेन्सकडचा पाव बिनमिठाचा असतो, पहिल्या घासाला सगळे तोंड वाकडं करतात, म्हणून लोणचं बरोबर न्या. रोमला तेर्मिनी स्टेशनच्या आसपास भारतीय जेवण आणि एस्क्विलिनोच्या मंडईत कोथिंबीर-मिरची-डाळ सगळं मिळतं. बिलात कोपेर्तो दिसेल, माणशी बसायचा चार्ज, भांडू नका, बऱ्याच ठिकाणी घेतात. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त.

व्हेनिस माझ्या मते कराच. आई-आबांना लाईन १ च्या वापोरेत्तोमध्ये (पाण्यातली बस) बसवून अख्खा ग्रँड कॅनाल दाखवा, चालायचं काम नाही. हॉटेल मात्र बोटीच्या थांब्याला लागून घ्या, मधे पूल नको. ठराविक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्यांना एंट्री फी असते, रात्री राहणाऱ्यांना माफ, पण सूट ऑनलाईन नोंदवायला लागते.

—

दोघांनाही खूप खूप धन्यवाद! टॅक्सीचं आबांना वाचून दाखवलं, लगेच म्हणाले पैसे मी देणार. रेनेटचं आईंना सांगितलं नाही, चीजच नको एवढंच ठरवलं. पिसा-लुक्का एका दिवसात करतो. व्हेनिसला नवरा अजून कुरकुरतोय पण बोटीचं ऐकून जरा मऊ झालाय.

आता फक्त एक उरलंय, फ्लॉरेन्सला किचन आणि लिफ्ट दोन्ही असलेलं अपार्टमेंट स्टेशनच्या जवळ बघावं का सांता क्रोचे चर्चकडे? जुन्या इमारती आहेत, लिफ्ट असली तरी त्यात दोनच माणसं मावतात असं ऐकलंय, आणि आम्हाला बॅगा सोडून माणसंच सहा आहेत.