वाचनकट्ट्याने लेखकाच्या वाचनाला जायचंय, तयारी कशी करावी?

पानोपानी:
आमचा नऊ जणांचा वाचनकट्टा आहे. तीन आठवड्यांनी पुण्यात मसापच्या (महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या) माधवराव पटवर्धन सभागृहात एका कादंबरीकाराचा कार्यक्रम आहे. आधी वाचन, मग प्रश्नोत्तरं, शेवटी स्वाक्षऱ्या. कादंबरी ३२० पानांची, प्रती चारच. सगळ्यांनी पूर्ण वाचूनच जावं का? आणि प्रश्न कसे ठरवायचे?

ग्रंथसखा:
आधी पत्रिका नीट बघा. ‘अभिवाचन’ असेल तर बरेचदा नट वाचतात आणि लेखक नुसते व्यासपीठावर बसलेले असतात. लेखक स्वतः वाचणार का, हे आयोजकांना फोन करून विचारा. उतारा कोणता, तेही विचारा, बहुतेक वेळा सांगतात.

प्रतींचं गणित अवघड आहे. नऊ जणांत चार प्रती म्हणजे एक प्रत तरी तिघांत येते, त्या तिघांना प्रत्येकी सात दिवस, रोज ४५-४६ पानं. नोकरी सांभाळून हे होत नाही. दोन प्रती वाढवल्या तर फार तर दोघांत एक येते, रोज ३२ पानांत भागतं. तेही जमत नसेल, तर पहिली साठ पानं तरी सगळ्यांनी वाचाच. मागचा संदर्भ सांगावा लागत नाही म्हणून वाचायला बहुधा सुरुवातीचाच भाग निवडला जातो.

समास_सोडून:
वाचन चालू असताना पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवू नका. पानं उलटल्याचा आवाज होतो आणि कान बंद होतात. लेखक वाचताना वाक्यं गाळतात, एखादा शब्द बदलतात. कुठे गाळलं, कुठे थांबले, एवढंच वहीत टिपा आणि घरी छापील पानाशी ताडून बघा. कट्ट्यावरच्या चर्चेला याहून चांगला विषय नाही.

नऊ जणांचे मिळून दोनच प्रश्न ठेवा, तेही कागदावर लिहून, दोन वाक्यांत. ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ नको, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘दहाव्या प्रकरणात निवेदक अचानक बदलतो, तो पहिल्या खर्ड्यापासून तसाच होता का?’ असं नेमकं विचारा. शेवट मात्र फोडू नका, सभागृहात न वाचलेलेही असतात. माइक हाती आला की आधी आपलं मत मांडायचा मोह होतो आणि त्यातच वेळ संपतो. म्हणून विचारणारी माणसं आधीच ठरवा.

ग्रंथसखा:
स्वाक्षरीचं राहिलं. नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. दीपाली की दिपाली, हे लेखकाला कसं कळणार? शीर्षकपान उघडूनच प्रत पुढे करा. कागद गुळगुळीत असेल तर शाईपेन फिसकटतं, बॉलपेन द्या.

अर्धा तास आधी पोचा, पुढच्या रांगा राखीव असतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार यांतच अर्धा तास सहज जातो, तेव्हा परतीच्या बसची वेळ त्या हिशेबाने धरा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर लेखकाची परवानगी आधी घ्या.

पानोपानी:
दोघांचेही आभार. आणखी दोन प्रती आजच मागवते. उताऱ्याचं आयोजकांना विचारून इथेच कळवते.